माळावरची हौस आणि खर्चाची वही



सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने कुंभारीकडे निघालात की हल्ली दोन्ही अंगांना तारेची कुंपणे दिसतात. लोखंडी फाटक, फाटकावर घराण्याच्या नावाची पाटी, आत नारळाची आठ-दहा रोपे, प्लास्टिक अंथरलेले शेततळे आणि एक टुमदार बंगली. शनिवार-रविवारी मोटार येते, सोमवारी राखणदार आणि त्याचे कुत्रे उरते. याच माळाला एके काळी कोणी विचारत नव्हते. वेडी बाभूळ, तरवड, हेंकळ, आणि पावसाळ्यानंतर धनगराची मेंढरे, एवढाच त्याचा पसारा. कुंभारीच्या शिवारात 2006 साली विडी कामगार बायांची दहा हजार घरे उभी राहिली. जानेवारी 2024 मध्ये रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या चाव्या पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. शहर दाराशी आले आणि माळाला भाव आला.

भाव आला याचे मला दुःख नाही. ज्याची जमीन त्याला तिचे चार पैसे जास्त मिळाले तर पोटात दुखायचे कारण नाही. दुखले ते दुसऱ्याच गोष्टीने. अशाच एका हौशी मालकाने मला आपला माळ फिरून दाखवला. बाभळी मुळासकट काढल्या, दगड वेचून ताली घातल्या, तळ्यातला गाळ आणून पसरला. काम चांगले होते, तसे मी म्हणालोही. मग चहा पिताना ते म्हणाले, "तुमच्या लोकांनी तीन पिढ्या ही जमीन नुसती पडीक ठेवली हो. थोडे कष्ट घेतले असते तर सोने झाले असते."

या वाक्याचा हिशेब मांडायला हवा, कारण ते एकट्या त्यांचे नाही. कृषी खात्याच्या व्याख्यानांत, विद्यापीठाच्या मेळाव्यांत आणि पुढाऱ्यांच्या भाषणांत ते आपण जन्मभर ऐकत आलो आहोत. शेतकरी आळशी, अडाणी, व्यसनी, म्हणून गरीब.

तर मांडू. आकडे मी अंदाजाने धरतो, तुमच्याकडचे वेगळे असतील तर खोडून आपले लिहा. एकरभर वेडी बाभूळ उपटून, खड्डे बुजवून, ढोबळ सपाटी करायला जेसीबीचे वीस तास धरा. तासाला बाराशे रुपये म्हणजे 24,000. गाळ फुकट असला तरी तो आपल्या पायांनी चालत येत नाही. ट्रॅक्टरच्या चाळीस खेपा, खेपेला सातशे, म्हणजे 28,000. ताली-बांधाचा खर्च सोडूनच देऊ, तो आपण अंगमेहनतीने करतो आणि अंगमेहनतीला किंमत नसते असे समजायची आपल्याला सवयच आहे. झाले 52,000. आता या एकरात मालदांडी पेरा. नव्या हलक्या रानात, परतीचा पाऊस बरा झाला तर चार क्विंटल धरू. 2025-26 च्या हंगामाला मालदांडीचा हमीभाव 3,749 रुपये. म्हणजे 14,996. कडब्याचे आणखी काही येतील. त्यातून नांगरट, कुळवणी, बी, पेरणी, काढणी, मळणी वजा करा. हातात तीन हजार उरले तरी तुम्ही नशीबवान. 52,000 फिटायला सतरा वर्षे लागतील, तीही एकही साल कोरडे न जाता आणि सावकाराचे वा सोसायटीचे व्याज शून्य धरून. सोलापूर जिल्ह्यात सतरा वर्षांत दुष्काळ पडला नाही असे कोणी पाहिले आहे काय?

कापूसवाल्यांनी हाच हिशेब आपल्या पिकावर घालून पाहावा. 2025 च्या ऑगस्टमध्ये, कापूस शेतात उभा असताना, सरकारने आयात कापसावरचा 11 टक्के कर काढला आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. असल्या भावाच्या भरवशावर माळ फोडायचा कोणी?

म्हणजे आमच्या बापजाद्यांनी माळ पडीक ठेवला तो आळसाने नव्हे. त्यांना हिशेब येत होता. भारी रानात ज्वारी, मध्यम रानात तूर-मटकी, आणि माळाला गवत. त्या गवतावर बैल जगला, शेळी जगली. हौशी मालक ज्याला पडीक म्हणतात तो आमचा गोठा होता. शिवाय माळावर माती असते जेमतेम वीतभर. यंत्राने एका दिवसात सपाटी केली की ती वीतभर माती खाली गाडली जाते आणि खालचा मुरूम वर येतो. मग त्यावर गाळ ओता, खत ओता, पाणी ओता. ज्याच्याकडे ओतायला दुसरीकडचा पैसा आहे त्याचे निभते. अशा जमिनीत उतार न मोडता, खड्डे घेऊन बोर आणि सीताफळ लावणे बरे. 1990 नंतर रोजगार हमीतून फळबागा आल्या तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी हेच केले.

दवाखान्याचा, दुकानाचा पैसा शेतीत आणून कोणी हौस भागवत असेल तर भागवावी. शेतीतला पैसा इतकी वर्षे शहराकडे गेला, त्यातला चिमूटभर परत आला म्हणायचा. आमचे भांडण त्यांच्या कुंपणाशी नाही. मात्र त्यांच्या खोल बोअरने शेजारच्या कोरडवाहूची विहीर आटते आणि पिढ्यानपिढ्यांची पाऊलवाट फाटकाआड जाते, तेथे गावाने बोलले पाहिजे.

आणि भांडण आहे ते कायद्याशी. कुळवहिवाट कायद्याचे कलम 63 म्हणते की बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येणार नाही. दिसायला हे आमचे संरक्षण. प्रत्यक्षात ज्याच्या नावावर कोठल्या तरी गावचा सातबारा आहे तो शहरी माणूस आरामात येतो, आणि शेती सोडून धंदा टाकू पाहणाऱ्या आमच्या पोराला गिऱ्हाईक मात्र मोजकेच मिळते. गिऱ्हाईक मोजके म्हणजे भाव पडलेला, हे बाजार समितीत आयुष्य घालवलेल्यांना सांगायला नको. कमाल धारणेचा कायदा कोरडवाहूला 54 एकरांवर अडवतो. कारखानदाराने किती कारखाने काढावेत याला मर्यादा नाही.

पोटखराब्याची गोष्ट तर हसावे की रडावे अशी. सातबाऱ्यावर पोटखराब लिहिलेला तुकडा घरच्या माणसांनी पहार-कुदळीने फोडून पिकाखाली आणला, तरी कागदावर तो खराबच. त्यावर पीककर्ज नाही, विमा नाही, सरकारने घेतला तर मोबदलाही खराब्याचा. 2018 साली नियम बदलून असे क्षेत्र लागवडीलायक म्हणून नोंदवायची सोय झाली. आपल्यापैकी किती जणांनी तसा अर्ज तलाठ्याकडे दिला आहे?

एका बिगरशेतकऱ्याची आठवण दिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. शरद जोशी 1976 साली स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसले. तिचेच नाव अंगारमळा. तेही शहरातून आलेले, तेही माळावर दगडगोटे काढत राबलेले. फरक असा की त्यांनी खर्चाची वही ठेवली. वही तोटा दाखवू लागली तेव्हा त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याला आळशी म्हटले नाही, भाव कोठे मारला जातो ते शोधले. 1979 साली संघटना उभी राहिली ती त्या वहीतून.

त्या हौशी मालकांना मी एवढेच म्हणालो की बंगली, नारळ आणि फाटक सोडून फक्त शेतीचा जमाखर्च लिहून द्या, आम्ही जिल्हा बैठकीत वाचून दाखवू. ते हसले. पंधरा दिवसांनी फोन आला, म्हणाले, "वही काढली, पण जमेच्या बाजूला लिहायला अजून काही नाही." मी त्यांना बैठकीचे निमंत्रण दिले आहे. येतो म्हणाले आहेत. तुम्हीही आपापल्या वह्या घेऊन या, आणि ज्यांच्या सातबाऱ्यावर पोटखराब आहे त्यांनी उताऱ्याची एक प्रत जास्त आणावी. अर्ज तेथेच बसून लिहू.