पहिली जिप्सी घरी आणताना

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून एका शिक्षकबंधूंचे पत्र आले आहे. त्यांच्या शाळेकडे जाणाऱ्या वाटेचा शेवटचा टप्पा कच्चा आहे. पावसाळ्यात तेथे मोटारसायकल चिखलात रुतते आणि नाल्याला पाणी आले की चालत जाणेही कठीण होते. घरी वृद्ध मातोश्री आहेत. त्यांना अवेळी दवाखान्यात न्यावे लागले तर काय करावे, ही चिंता आहेच. म्हणून त्यांनी एक जुनी मारुती जिप्सी पाहून ठेवली आहे. पैसे भविष्यनिर्वाह निधीतून काढावयाचे आहेत. त्यांच्या पत्नीच्या मते हे निव्वळ खूळ आहे. 'आपण निवाडा करावा,' असे ते लिहितात.

पति-पत्नींमधील निवाडा करण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु प्रश्न दिसतो तितका हौसेचा नाही. साठविलेली पुंजी एका जुन्या यंत्रात घालावयाची असेल, तर ते यंत्र काय आहे, ते काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे आधी जाणून घेतले पाहिजे.

जपानच्या सुझुकी कंपनीने १९७० साली 'जिम्नी' नावाची एक चिमुकली गाडी काढली. तिच्या पुढील पिढीच्या लांब सांगाड्यावरून आपल्याकडे डिसेंबर १९८५ मध्ये जिप्सी अवतरली. प्रथम तिला ९७० घन सेंटिमीटरचे इंजिन व चार गिअर होते. १९९६ मध्ये १.३ लिटरचे इंजिन व पाच गिअर असलेली 'जिप्सी किंग' आली. सैन्य, पोलीस, वनखाते आणि अभयारण्यांतील पर्यटक या सर्वांनी तिला आपली मानली. वजन सुमारे एक टन, अंगाने अरुंद, बांधणी साधी. त्यामुळे भारी गाड्या जेथे रुततात तेथून ती निघून जाई. २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. म्हणजे आज जी कोणी जिप्सी घेईल, ती जुनीच घेणार.

आता तिच्या चार चाकांच्या ओढीविषयी. नेहमीच्या रस्त्यावर जिप्सीची केवळ मागची चाके गाडी ढकलतात. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक छोटा दांडा असतो. तो ओढला की गिअरपेटीमागील 'ट्रान्सफर केस' नावाच्या पेटीतून एक शाफ्ट पुढच्या आसालाही गती देऊ लागतो. याच दांड्याला 'लो' अशीही एक जागा आहे. तेथे वेग अगदी कमी होतो, पण ओढ पुष्कळ वाढते. पुष्कळ गाड्यांत पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवावयाचे 'हब' असतात. ते लावल्याखेरीज पुढच्या चाकांना ओढ मिळत नाही. मग दांडा कितीही ओढा.

येथे नवख्या मनुष्याचे दोन गैरसमज होतात. पहिला असा, की चार चाकांची ओढ नेहमीच चालू ठेवावी. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. आणि या गाडीत पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट जखडलेले असतात. चिखलात वा वाळूत चाके थोडी घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती सोय नसल्याने सारा ताण दातेरी चाकांवर येतो. दुसरा गैरसमज अधिक घातक. चार चाकांची ओढ गाडी पुढे नेते. ती गाडी थांबवीत नाही. ओल्या उतारावर ब्रेक दाबल्यावर जिप्सी इतर मोटारींइतकीच घसरते. किंबहुना ती उंच व अरुंद असल्यामुळे वेगात वळविल्यास कलंडण्याचे भय अधिक.

प्रस्तुत लेखकाने आपली पहिली जिप्सी घेतली ती एका संध्याकाळी, तिच्या हिरव्या रंगावर भाळून. विकणाऱ्या गृहस्थांनी दांडा ओढून दाखविला. समोरचा लहान दिवाही लागला. आणखी काय पाहावयाचे? पहिल्याच पावसात एका ओढ्यापलीकडच्या चढावर गाडी अडली. मागची चाके चिखल उडवीत जागच्या जागी फिरत होती, पुढची स्तब्ध. मागे मुले रडकुंडीला आलेली, सौभाग्यवती मौन धरून बसलेल्या. अखेर एका शेतकऱ्याच्या बैलजोडीने आम्हांस वर काढले. दुसऱ्या दिवशी मेस्त्रीने खाली वाकून पाहिले आणि तो हसला. पुढच्या आसालाकडे जाणारा शाफ्टच कोणीतरी पूर्वी काढून टाकला होता! आवाज कमी व्हावा, पेट्रोल वाचावे, म्हणून असे करणारे असतात. पायाखालचे रबर उचलले तेव्हा दुसरा धडा मिळाला. तळाचा पत्रा कुजून गेला होता. त्यावर टिनाचे ठिगळ व डांबराचा लेप होता. जितक्याला गाडी घेतली, त्याच्या जवळजवळ निम्मे पैसे दुरुस्तीत गेले. घरात त्या वर्षी दिवाळीचे नवे कपडे आले नाहीत.

त्या अनुभवावरून सांगावेसे वाटते, की जिप्सी पाहावयाची ती वरून नव्हे, खालून. दिवसाउजेडी, गाडी कोरडी असताना, अंगाखाली पोते घालून तिच्याखाली शिरावे. इंजिन दुरुस्त होते. किंग गाडीचे १.३ लिटरचे इंजिन ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले एस्टीम मोटारीतही होते, त्यामुळे त्याची नाडी जाणणारे मेस्त्री गावोगावी आहेत. ९७० घन सेंटिमीटरच्या जुन्या गाडीचे सुटे भाग मात्र आधी चौकशी करून ठेवावेत. परंतु सांगाडा कुजला, तर गाडीच कुजली. पाट्यांची टोके जेथे सांगाड्याला टांगलेली असतात त्या जागा, चाकांमागील चिखल साचणारे कोपरे आणि समोरच्या काचेची चौकट येथे गंज प्रथम येतो. लहान हातोडीने हलके ठोकावे; निरोगी पत्रा खणखणतो, कुजका भद्द वाजतो. नुकताच लावलेला जाड काळा रंग दिसला तर आनंद मानू नये, संशय घ्यावा.

मग चार चाकांच्या ओढीची परीक्षा. मागच्या चाकांना दगड लावून पुढचे एक चाक जॅकवर उचलावे. हब लावून, लहान दांडा चार चाकांच्या जागी ओढला असता, ते चाक हाताने मोकळे फिरता कामा नये. हब सोडले की ते सहज फिरले पाहिजे. दुसऱ्या बाजूलाही हेच करावे. ही दहा मिनिटांची परीक्षा आम्ही केली असती, तर बैलजोडीची गरज पडली नसती. शेवटी गाडी रस्त्यावर न्यावी. खड्ड्यातून जाताच स्टिअरिंग थडथडू लागले, तर पुढच्या आसालाच्या टोकांचे बेअरिंग झिजलेले असण्याचा संभव आहे. हे काम होण्यासारखे असते, पण त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करणे हे कुजक्या सांगाड्याकडे दुर्लक्ष करण्याइतकेच महाग पडते. नोंदणीपुस्तकातील इंजिन व सांगाड्याचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याची नोंद हवी. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३०, आणि परराज्यातील गाडी असल्यास नमुना २८ चे ना हरकत प्रमाणपत्र लागते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी करावयाचे असते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढील मोटारींसाठी ते आणखी वाढले. दिल्ली परिसरातील वाचकांनी जुन्या वाहनांविषयीचे न्यायालयाचे ताजे आदेश पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. सरकारी लिलावातील गाडी स्वस्त दिसते. परंतु पंधरा वर्षे झालेल्या शासकीय वाहनांची नोंदणी, काही विशेष उपयोगाची वाहने वगळता, १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू राहत नाही. म्हणून नागरी नोंदणी आधी पाहावी, गाडी मागाहून. गाडीचे रूप पालटण्याची हौस असणाऱ्यांनीही जपावे. मूळ नोंदीशी विसंगत असे फेरफार मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मान्य करीत नाही.

आता शिक्षकबंधूंच्या पत्राकडे वळू. आपल्या पत्नीचे म्हणणे आम्ही खूळ मानीत नाही. त्यांच्या शंकेत एक प्रश्न दडलेला आहे : ही गाडी नेमकी कोणत्या दिवसासाठी? वाट जर केवळ खडबडीत असेल, चिखलाची नसेल, तर उंच बांधणीची साधी मोटार पुरे. चार चाकांच्या ओढीचा खर्च व्यर्थ होय. परंतु पावसाळ्याचे चार महिने वाट खरोखरच तुटत असेल, तर जिप्सी हे खूळ नव्हे. मात्र हाती असलेली सारी रक्कम किमतीत घालू नये. तिचा तिसरा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. तो राहत नसेल, तर गाडी आपल्या ऐपतीबाहेरची आहे असे समजावे.

आणखी एक गोष्ट मनावर दगड ठेवून सांगतो. या गाडीत एअरबॅग नाही आणि मागची बाके बहुधा आडवी असतात. मातोश्रींना व मुलांना तेथे बसवून महामार्गावर वेगाने नेऊ नये. वृद्धेला पुढच्या आसनावर, पट्टा लावून बसवावे. आणि नाल्याला पूर असेल तर चार चाके आहेत म्हणून पाण्यात शिरू नये. वाहते पाणी गाडीची चाके मोजत नाही.

गाडी पाहावयास जाल तेव्हा पत्नीलाही सोबत न्यावे. आमच्या हिरव्या जिप्सीच्या वेळी सौभाग्यवतींनी पायाखालचे रबर उचलून पाहू या, असे दोनदा सुचविले होते. तेव्हा आम्ही त्यांचे ऐकले नाही.