कानोसा : मार्शलचा आवाज आणि मार्शलचं अंग

विल्यम कॉनरॅड हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. अमेरिकेतही त्याचा आवाज ओळखणारे वेगळे, चेहरा ओळखणारे वेगळे. १९२० साली केंटकीतल्या लुईव्हिलला जन्मलेला हा नट दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं चालवून आला आणि रेडिओत रमला. तिथे आपण साडेसात हजार भूमिका केल्या, असा त्याचा स्वतःचा हिशेब होता. नटांचे हिशेब नटांना लखलाभ. पण निम्मा जरी खरा धरला तरी छाती दडपते.

सिनेमात तो दिसला तो खलनायकाच्या हाताखालच्या माणसांत. ‘द किलर्स’ (१९४६) हा हेमिंग्वेच्या कथेवरचा चित्रपट बर्ट लँकेस्टरचा पहिला म्हणून लक्षात राहिला आहे. मला आठवतो तो त्याचा आरंभ. दोन मारेकरी संध्याकाळी एका छोट्या खाणावळीत शिरतात. त्यांतला जाडा म्हणजे कॉनरॅड. जे मागवावं ते सहाच्या आत मिळत नाही, म्हणून दोघे गल्ल्यामागच्या माणसाशी घड्याळावरून आणि पदार्थांवरून हुज्जत घालत बसतात. कुणी कुणाला हात लावलेला नाही, आवाजही चढलेला नाही, तरी आपण खुर्चीच्या कडेला येतो. वाक्य कुठे सोडायचं आणि किती वेळ गप्प राहायचं, हे रेडिओवर घासून आलेल्या माणसालाच जमतं.

एप्रिल १९५२ मध्ये सीबीएस रेडिओवर ‘गनस्मोक’ सुरू झालं. कॅन्ससमधलं डॉज सिटी आणि तिथला मार्शल मॅट डिलन. लेखक जॉन मेस्टन, निर्माता-दिग्दर्शक नॉर्मन मॅकडोनेल. पोरांसाठीच्या काउबॉयपटांतला शूरवीर त्यांना नको होता. म्हणून इथे मार्शल फळ्यांच्या पदपथावरून चालत येतो, बुटांचे ठोके पडतात, टाचेच्या काट्यांची किणकिण होते आणि थांबते. मग बराच वेळ काहीच नाही. त्यानंतर कॉनरॅड बोलतो, तोही खालच्या पट्टीत, झोप न झालेल्या माणसासारखा. माणूस मारून आल्यावर या डिलनला बरं वाटत नाही, आणि ते तो न सांगता आपल्याला कळतं. असा मार्शल ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उंच आणि सडसडीतच उभा राहणार. प्रत्यक्षात कॉनरॅड ठेंगणा आणि चांगला गरगरीत.

१९५५ मध्ये ‘गनस्मोक’ टीव्हीवर गेलं आणि मार्शल झाला जेम्स आर्नेस, साडेसहा फुटांहून उंच. कॉनरॅडवर अन्याय झाला असं त्याचे चाहते अजून म्हणतात. मला नाही वाटत. दिसण्याच्या माध्यमाने दिसणं पाहिलं, यात बोल कुणाला लावायचा? माझी तक्रार दुसरी आहे. चेस्टर झालेला पार्ली बेअर, डॉक्टर झालेला हॉवर्ड मॅकनिअर, किटी झालेली जॉर्जिया एलिस, यांतलं एकही माणूस टीव्हीने घेतलं नाही. चौघांची मुरलेली जोडणीच मोडली. रेडिओमालिका मात्र १९६१ पर्यंत चालूच होती, म्हणजे सहा वर्षं एका मार्शलला दोन देह होते. मेस्टनच्या रेडिओसंहिता टीव्हीसाठी वापरल्या जात, त्यामुळे तीच गोष्ट दोन्हीकडे ताडून पाहता येते. आर्नेस वाईट नाही. पण तो दारात उभा राहिला की निकाल लागल्यासारखा वाटतो. कॉनरॅडच्या डिलनबाबत तशी खात्री कधीच नसते.

पुढे कॉनरॅड दिग्दर्शनात शिरला. टीव्हीवरच्या ‘गनस्मोक’चेही एक-दोन भाग त्याने केले (तेव्हा सेटवर काय मनात आलं असेल, देव जाणे). ‘रॉकी अँड बुलविंकल’ या कार्टूनमध्ये तो धापा टाकत, पात्रांशी भांडत निवेदन करी. ‘द फ्युजिटिव्ह’मध्ये तोच आवाज दगडी.

आणि मग १९७१. त्याच सीबीएसने त्याला ‘कॅनन’ दिलं. फ्रँक कॅनन हा खाजगी गुप्तहेर खवय्या, पोट सुटलेला, लांबलचक लिंकन गाडीतून उतरून चोरांमागे धापा टाकत धावणारा. वयाच्या पन्नाशीनंतर कॉनरॅड नायक झाला तो ज्या देहामुळे मार्शलपद गेलं त्याच देहाच्या जोरावर. आर्नेसचं ‘गनस्मोक’ १९७५ पर्यंत चाललं, ‘कॅनन’ १९७६ पर्यंत. तेव्हा चार वर्षं हे दोघे मार्शल एकाच वाहिनीवर होते. १९८७ मध्ये तर नावातच ‘फॅटमॅन’ असलेली मालिका आली, ‘जेक अँड द फॅटमॅन’, आणि तीही पाच वर्षं चालली. १९९४ मध्ये कॉनरॅड गेला.

रेडिओवरच्या ‘गनस्मोक’चे बहुतेक भाग ध्वनिमुद्रित रूपात टिकले आहेत. ऐकायला बसाल तर आधी आर्नेसचं चित्र शोधू नका.

– कानसेन