नावापुरते सभासद

सहकारी पतसंस्थेत ठेव ठेवायची तर आधी सभासद व्हावे लागते. अर्जावर सही होते, भागाचे थोडे पैसे कापले जातात आणि पासबुक हाती पडते. आपण संस्थेचे मालक झालो, हे त्या ठेवीदाराच्या गावीही नसते. ‘नाममात्र सभासद’ असेल, तर त्याला मताचा अधिकारही नसतो.

1904च्या सहकारी पतसंस्था कायद्याने किमान दहा जणांना संस्था काढण्याची मुभा दिली. ते एका गावचे वा शहरचे, किंवा एका जाती-जमातीचे वा वर्गाचे असावेत, ही अट होती. ग्रामीण संस्थांत दायित्व अमर्याद होते. कर्ज बुडाले तर झळ शेजाऱ्यालाच लागे, म्हणून शेजारी लक्ष ठेवी. सभासदत्वाची मर्यादा हेच तेव्हा ठेवीचे संरक्षण होते.

संस्था अनेक राज्यांत पसरल्या, तेव्हा ती ओळख संपली. सभासदत्वाचा कागद तेवढा उरला. सहारा समूहाच्या चार बहुराज्यीय संस्थांची कार्यालये लखनौ, भोपाळ, कोलकाता आणि हैदराबादेत होती. रायपूरच्या गुढियारीत रोजच्या कमाईतून बचत करणारा माणूस तेथल्या वार्षिक सभेत जाऊन कोणता जाब विचारणार? अखेर 29 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाला सेबीकडील निधीतून 5,000 कोटी रुपये या ठेवीदारांसाठी वर्ग करण्याचा आदेश द्यावा लागला.

बँकाही बुडतात. इंदिरा प्रियदर्शिनी महिला नागरिक सहकारी बँकेचा घोटाळा रायपूरकर विसरलेले नाहीत. मात्र बँकेतील ठेवीला विमा असतो. तेव्हा त्याची मर्यादा 1 लाख होती, फेब्रुवारी 2020 पासून ती 5 लाख आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे कवच नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने, काही संस्था नावात ‘बँक’ शब्द वापरतात आणि नाममात्र सभासदांकडूनही ठेवी घेतात, असा जाहीर इशारा दिला होता. तो किती ठेवीदारांपर्यंत पोहोचला असेल?

पतसंस्था बंद कराव्यात, असा याचा अर्थ नव्हे. बँक कागदपत्रे मागते, तेव्हा अडल्या-नडल्याला पतसंस्थाच कर्ज देते. शिवाय तिचा माणूस रोज दुकानाच्या पायरीशी येऊन पिग्मी गोळा करतो. तोच तिचा खरा आधार आहे. म्हणून पर्यायही तितकाच जवळ हवा. किमान शिलकीची अट नसलेले जनधन खाते, केंद्र सरकारची हमी असलेली टपाल बचत योजना, दोन लाखांपर्यंत शिल्लक ठेवू देणारी टपाल पेमेंट्स बँक, हे सारे उपलब्ध आहे. उणीव आहे ती रोज दारी येणाऱ्या माणसाची. बँकांनी आपले व्यवसाय प्रतिनिधी बाजारपेठांत नियमित फिरवले, तर ती भरून निघेल.

तोवर सहकार खात्याने एक साधा नियम करावा: ‘येथील ठेवींना ठेव विमा लागू नाही’ हे वाक्य प्रत्येक पतसंस्थेच्या दारावर आणि पासबुकाच्या पहिल्या पानावर, स्थानिक भाषेत व ठळक अक्षरांत छापलेले असावे. प्रामाणिक संस्थेला त्याचे भय वाटण्याचे कारण नाही. आणि ठेवीदाराने एवढा विवेक बाळगावा: कर्जासाठी पतसंस्था जरूर गाठावी, आयुष्याची पुंजी मात्र विमा किंवा सरकारी हमी असेल तेथेच ठेवावी.