नोटीस दडवू नका, वकील मागा

एक आई बाल कल्याण समितीची नोटीस पदराखाली दडवून आमच्याकडे आली होती. मार बसला म्हणून मुलगा घरून पळाला, पोलिसांना स्टेशनवर सापडला आणि समितीने त्याला बालगृहात ठेवले. आपल्या इंदुरात घरी मराठी, पण सरकारी कागद हिंदीत. आम्ही हिंदी माध्यमात शिकलेलो, नोटीस घडाघडा वाचून दाखवली आणि म्हटले, "ताई, जाऊन हात जोडा." सल्ला साफ चुकला. ती एकटी गेली, न वाचताच सही करून आली.

नंतर चौकशी केली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. (वडिलांना मात्र सहसा उत्पन्नाची अट लागते.) अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्यायचा, १५१०० वर फोनही करता येतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. समितीच्या बहुतेक आदेशांवर ३० दिवसांत अपील होते, आणि लाजेपोटी नेमके तेच दिवस निघून जातात.

वकील म्हणजे मारहाण झाकण्याची सोय, असे मात्र कोणी समजू नये. मुलाचेही ऐकले जाते, ऐकलेच पाहिजे.

विश्वस्त मंडळींना विनंती, अशा मुलाचे नाव पटावरून काढण्याची घाई नको. आणि पालकहो, नोटीस आली की त्याच दिवशी शाळेत या. प्राधिकरणाच्या कार्यालयापर्यंत आम्ही सोबत येऊ.