अंगठ्याची खूण

आपल्या खेड्यांतून अक्षरओळख विरळ होती, त्या काळी लोक कागदावर सही करण्याऐवजी शाई लावलेला अंगठा उमटवीत. अशा मनुष्यास थट्टेने ‘अंगठेबहाद्दर’ म्हणत. पुढे गावोगाव शाळा निघाल्या. अंगठा मागे पडला आणि त्याच्या जागी लेखणी आली. आज मात्र निराळेच दृश्य दिसते. चांगली लिहितीवाचती माणसेसुद्धा मित्राच्या आनंदाला वा दुःखाला दोन ओळी लिहीत नाहीत; मोबाइलवरील उभ्या अंगठ्याचे चित्र दाबतात आणि पुढे सरकतात. अक्षरे शिकून आपण पुन्हा अंगठ्याकडे तर आलो नाही ना?

हा प्रश्न माझ्या मनात आला, तो ‘द सोशल डिलेमा’ हा अमेरिकन चित्रपट पाहून. ‘डिलेमा’ म्हणजे पेच. इकडे आड, तिकडे विहीर अशी अवस्था. जेफ ऑर्लोवस्की यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०२० साली प्रदर्शित झाला. ज्यांनी समाजमाध्यमे घडविली, त्यांच्यापैकीच काही जण त्यात आपण काय केले ते मोकळेपणाने सांगतात.

त्यांत जस्टिन रोझेनस्टीन नावाचे एक गृहस्थ आहेत. फेसबुक २००४ साली सुरू झाले. पसंती दर्शविणारा तो उभा अंगठा त्यावर २००९ साली आला. तो घडविणाऱ्यांत रोझेनस्टीन होते. जगात आपुलकी वाढावी, एवढाच आपला हेतू होता, असे ते सांगतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु शब्द मनात साठवावे लागतात, अंगठे मात्र मोजता येतात. जे मोजता येते, त्याची तुलना सुरू होते. ‘मित्राने काय म्हटले?’ हा प्रश्न मागे पडून ‘किती जणांनी म्हटले?’ हा प्रश्न पुढे येतो.

ही माध्यमे आपल्याला फुकट मिळतात. मग त्यांचा खर्च कोण देतो? तो जाहिरातदार देतात. आपण जितका अधिक वेळ पडद्याकडे पाहत राहू, तितक्या अधिक जाहिराती आपल्याला दिसतात. म्हणून आपली नजर तेथून हलू नये, अशीच त्यांची रचना केलेली असते. पूर्वी गूगलमध्ये काम केलेले ट्रिस्टन हॅरिस हे गृहस्थ चित्रपटात हे समजावून देतात.

या मुलाखतींच्या जोडीला चित्रपटात एका कुटुंबाची कल्पित कथा आहे. त्या घरातील शाळकरी मुलगी आपले छायाचित्र समाजमाध्यमावर टाकते. पसंतीचे निरोप येऊ लागतात. इतक्यात कोणीतरी तिच्या कानांची थट्टा करतो. ती बिचारी आरशापुढे जाऊन कान झाकू पाहते! मुलांनो, तोच थट्टेखोर तिच्यासमोर उभा असता, तर तिचे पाणावलेले डोळे पाहून कदाचित ओशाळला असता. पडद्याआडून बोलणाऱ्याला ते डोळे दिसत नाहीत. बोलणे म्हणजे केवळ शब्द फेकणे नव्हे. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या शब्दांचे काय झाले, ते पाहणेही त्यात येते.

त्याच कथेत एके दिवशी आई सर्वांचे मोबाइल एका डब्यात बंद करून ठेवते. ठरावीक वेळ संपेपर्यंत त्याचे कुलूप उघडत नाही. सर्वांनी मिळून बोलत-हसत जेवावे, अशी तिची इच्छा असते. पण थोड्याच वेळात धाकटी मुलगी तो डबा फोडून आपला मोबाइल बाहेर काढते. हा प्रसंग पाहून कोणी म्हणेल, मुलगी हट्टी आहे. मला मात्र वाटते की, आईचा उपाय अर्धाच होता. मोबाइल दूर झाला, पण त्याच्या जागी गप्पा आपोआप आल्या नाहीत. पोहणे पाण्यात उतरूनच येते. तसे बोलणे आणि ऐकणे रोजच्या सरावानेच अंगी बाणते.

या चित्रपटावर आक्षेपही घेतले गेले. तो गोष्टी भडक करून दाखवितो, असे फेसबुक कंपनीने त्याच वर्षी म्हटले. आणि हेही खरे की, २०२० साली साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक मुलांचे धडे मोबाइलवरच झाले. परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा आजी त्यावरच पाहते. तेव्हा हे यंत्र फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. आजीला नातवाचा चेहरा दाखविते, तेव्हा ते माणसाला माणसाजवळ आणते. शेजारी बसलेल्या भावाचा चेहरा पाहू देत नाही, तेव्हा ते दूर नेते. हा भेद आपल्याला ओळखता आला पाहिजे.

फेसबुक व इन्स्टाग्राम यांच्या नियमांनुसार तेथे खाते उघडण्यास वयाची किमान १३ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे तुम्ही आज त्या उंबरठ्यावर उभे आहात. आत पाऊल टाकण्यापूर्वी एक सवय लावून घ्या. मित्राला बक्षीस मिळाले, तर ते कशाबद्दल मिळाले हे त्याला विचारा. मैत्रीण आजारी असेल, तर तिच्या घरी जाऊन चार शब्द बोला. जाणे शक्य नसेल, तर दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहा. आपल्या पूर्वजांपैकी अनेकांना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांनी अंगठा उमटविला. तुम्हाला लिहिता येते. मग मित्राला नुसता अंगठा का पाठवावा?