सस्पेन्स खाते

10 जूनच्या रात्री आमचा नातू टीव्हीसमोर ठाण मांडून बसला होता. इस्तंबूलला मँचेस्टर सिटी विरुद्ध इंटर मिलान, अंतिम सामना. रॉड्रीच्या एकमेव गोलवर सिटी जिंकली. प्रीमियर लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही एकाच हंगामात! सकाळी चहाच्या वेळी माझा मुलगा म्हणाला, "कसलं कौतुक? शंभरावर आरोप आहेत त्यांच्यावर." पोराचा चेहराच उतरला.

फुटबॉल मला कळत नाही. पण आरोप हिशेबाचे आहेत म्हटल्यावर माझी बी.कॉम. जागी झाली. फेब्रुवारी 2023 मध्ये प्रीमियर लीगने हे आरोप ठेवले. मुख्य म्हणणे असे, की 2009 ते 2018 या काळात क्लबने प्रायोजकांकडून आलेले उत्पन्न आणि प्रशिक्षक-खेळाडूंना दिलेले पैसे खरे दाखवले नाहीत. क्लबला हे मान्य नाही. निर्णय स्वतंत्र आयोग देणार आहे.

याआधी 2020 मध्ये युएफाने सिटीवर दोन वर्षांची बंदी घातली होती. क्रीडा लवादाने ती उठवली. काही आरोप सिद्ध झाले नाहीत, काहींची मुदत उलटली होती. मात्र चौकशीत सहकार्य न केल्याबद्दल एक कोटी युरोंचा दंड कायम राहिला. म्हणजे तेव्हाही पाटी अगदी कोरी नव्हती.

माझे वडील एका संस्थेचे खजिनदार होते. एकदा सातशे रुपयांचा मेळ बसेना. वर्षभराने बेरजेतली चूक सापडली. पण त्या वर्षात लोकांचा नमस्कार बदलला होता, तो पुन्हा पहिल्यासारखा झालाच नाही. प्रतिक्रमणात अठरा पापस्थाने म्हणताना 'अभ्याख्यान' आले, म्हणजे खोटा आळ घेणे, की मला हटकून तेच वर्ष आठवते.

तरी "सिद्ध कुठे झालंय?" म्हणून आरोप झटकून टाकणेही मला पटत नाही. 2014 मध्ये लिव्हरपूलचे विजेतेपद सिटीमुळे दोन गुणांनी हुकले. पैशांची लपवाछपवी खरी निघाली, तर त्या खेळाडूंच्या घामाचे काय? म्हणून चौकशी कसून आणि लवकर व्हायला हवी. ती लांबली तर अन्याय दोन्ही बाजूंवर होतो.

ताळेबंद जुळला नाही तर आम्ही फरक सस्पेन्स खात्यात टाकायला शिकलो. तिथे तो चोरी म्हणून लिहायचा नसतो आणि खोडायचाही नसतो. खुलासा झाला की ज्याच्या त्याच्या खात्यात जातो.

मुलाला म्हटले, "आरोप जुन्या वर्षांच्या वह्यांवर आहेत. काल रात्री धावणाऱ्या पोरांना चोर म्हणू नकोस." नातवाला म्हटले, "तू खुशाल आनंद कर. पण उद्या निकाल विरुद्ध गेला, तर तोही मान्य करायची तयारी ठेव."

तो म्हणाला, "ठेवीन आजी." आणि दुसरा पराठा मागितला.