विश्लेषण : धावपट्टीविना उतरणारे लढाऊ विमान युद्धात किती उपयोगाचे?

ब्रिटनचे एफ-३५बी विमान १४ जून २०२५ रोजी तिरुवनंतपुरमला उतरले आणि २२ जुलैलाच उडाले. खराब हवामानामुळे विमानवाहू नौकेवर परतता आले नाही, म्हणून ते तेथे वळवले गेले. पुन्हा उड्डाणाच्या तयारीत हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड निघाला. ब्रिटनहून तंत्रज्ञ आणि साहित्य येईपर्यंत पावसात उभ्या असलेल्या या विमानावर विनोदांना ऊत आला. (केरळच्या पर्यटन विभागानेही हात धुऊन घेतले.) पण ‘कुठेही उतरू शकणारे विमान’ कुठेही उतरल्यावर पुढे काय, हा प्रश्न विनोदाचा नाही.

उभे कसे उतरते?

कॉकपिटच्या मागे मोठा पंखा आहे. मुख्य इंजिनाच्याच शक्तीवर फिरून तो हवा खाली फेकतो. मागचा नोझल खाली वळतो आणि पंखांतून निघणारे दोन झोत तोल सांभाळतात. इंधन व शस्त्रांनी भरलेले विमान मात्र सरळ वर उचलणे परवडत नाही. म्हणून उड्डाण थोडे धावून, उतरणे उभे. एरवी हा पंखा निव्वळ ओझे. त्याच्यापायी एफ-३५एच्या तुलनेत सुमारे दोन टन इंधन कमी मावते, पल्ला घटतो आणि पोटातल्या कप्प्यात ९०० किलोचा बॉम्ब बसत नाही.

तरीही हवेहवेसे का?

कारण फॉकलंड. १९८२ मध्ये ब्रिटनकडे मोठी विमानवाहू नौका उरली नव्हती. ‘हर्मिस’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या लहान नौकांवरील सी हॅरियरनी अर्जेंटिनाची सुमारे २० विमाने पाडली. हवाई झुंजीत स्वतःचे एकही गमावले नाही. ही ‘हर्मिस’ म्हणजे आपली ‘विराट’. दाबोळीच्या ‘हंसा’ तळावरील सी हॅरियर २०१६ मध्ये निवृत्त झाली आणि भारताने ही वाट सोडली. ‘विक्रांत’वर मिग-२९के चढत्या टोकावरून उडते, पण उतरताना तारेत अडकून थांबते. राफेल-एमही तसेच उतरेल.

आज कारण वेगळे आहे. क्षेपणास्त्रांच्या माऱ्यात मोठे हवाई तळ पहिल्या तासात निकामी होऊ शकतात. चीनच्या टप्प्यातील जपानने म्हणूनच ४२ एफ-३५बी घ्यायचे ठरवले आणि ‘इझुमो’, ‘कागा’ या नौकांच्या डेकवर उष्णतारोधक बदल केले.

अडते कुठे?

विमान बेटावर उतरेल. पण इंधन, क्षेपणास्त्रे, सुटे भाग, तंत्रज्ञ? ते मागोमाग न्यावे लागतात, आणि ती वाहतूक शत्रूला दिसते. तिरुवनंतपुरमला ब्रिटिश पथक निवांत येऊ शकले, कारण तो मित्रदेश होता. शिवाय विखुरण्यासाठी उभे उतरणे अनिवार्यही नाही. स्वीडनची ग्रिपेन रस्त्यावरून उडतात. भारतीय हवाई दलानेही मे २०२५ मध्ये शाहजहानपूरजवळ गंगा द्रुतगती मार्गावर सराव केला. हा मार्ग कितीतरी स्वस्त.

खुद्द वापरकर्तेही हात आखडता घेत आहेत. अमेरिकी मरीन कोअरने २०२५ च्या आराखड्यात एफ-३५बीची संख्या ३५३ वरून २८० वर आणली आणि मोठ्या नौकांवरील एफ-३५सी ६७ वरून १४० केली. तिरुवनंतपुरमला विमान अडकलेले असतानाच ब्रिटननेही पुढच्या २७ विमानांपैकी १२ एफ-३५ए घेण्याचे जाहीर केले. त्यांना लांब धावपट्टी लागते.